दारापाशी परत येणारी वाट

प्रिय बटण,

तुझी रजा मंजूर झाली हे ऐकून बरं वाटलं. फार बरं वाटलं. येतेस ती ये, पण निघायच्या आधी हे पत्र एका जागी बसून वाच, एका हाताने भाजी परतता परतता नको. फोनवर हे बोलण्यासारखं नाही. फोनवर तू ‘बरं, मग?’ म्हणतेस आणि माझं घोडं तिथेच अडतं. शिवाय तुझी आई आसपास असते, आणि ती भिंतीकडे बघत बसलेली असली तरी तिच्यासमोर तिच्याबद्दल बोलायला माझी जीभ रेटत नाही. उभा जन्म फिटर म्हणून लोखंड घासण्यात गेला, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस. आणि तू आता कितीही मोठी साहेबीण झालीस तरी तुला बटण म्हणायचं मी सोडणार नाही. रांगत होतीस तेव्हा आईच्या शिवणाच्या डब्यातलं बटण गिळून तू आम्हा दोघांच्या तोंडचं पाणी पळवलं होतंस, त्याची ही जन्मभराची शिक्षा आहे.

घराचं काम काढल्याचं तुला तुकड्यातुकड्यांनी कळलेलं आहे. फोटो बघून तू ‘एकदम झकास’ असंही कळवलंस. पण ते काम मी का काढलं आणि पुढे त्याचं काय झालं, हे तुला नीट सांगितलेलं नाही. का काढलं ते एका वाक्यात सांगतो. तुझ्या आईला घरीच ठेवता यावं म्हणून. मागच्या खेपेला तू विसर पडलेल्या माणसांना सांभाळणाऱ्या त्या संस्थेचा विषय काढलास, मी ताटावरून उठलो, तू डोळे पुसत बॅग भरलीस. तू वाईट मुलगी आहेस असं माझ्या मनात चुकूनही आलं नाही बरं का. तुला वाटलं, बाबा थकतील. मला वाटलं, ती तिथे सकाळी उठेल आणि खिडकी कुठल्या बाजूला आहे तेच तिला कळणार नाही. दोघांचंही खरंच होतं.

तू गेलीस आणि तिचं बाहेर जाणं वाढलं. दर थोड्या वेळाने उठायची, पर्स काखोटीला मारायची, गळ्यात शिवणाची मापाची टेप अडकवायची आणि म्हणायची, चला, घरी जायला हवं. घरातच बसून घरी जायचं म्हणायची. मी म्हणायचो, अगं, हेच घर. तर माझ्याकडे अशी बघायची की जणू मीच बहकलोय. एकदा माझी अंघोळ होईतो गेली. शोधून शोधून जीव मेटाकुटीला आला. सापडली बँकेसमोरच्या रांगेत. एका अगडबंब माणसाच्या छातीचं माप घेत होती आणि तो बिचारा दोन्ही हात पसरून, शाळेत शिक्षा झाल्यासारखा उभा. वर त्याला बजावत होती, कापड आधी भिजवून आणायचं, मागाहून आटलं तर माझ्या नावाने बोंबलायचं नाही. मी तिला घेऊन निघालो तर तो गृहस्थ हळूच मला विचारतो, काका, कापड कधी आणून टाकू? सगळ्या वाटेने मला हसू आवरेना. घरी आलो, नळाखाली तोंड धरलं, आणि तिथे मात्र मला रडू फुटलं.

दुसऱ्या दिवशी मी फाटकाला कुलूप घातलं. ती दोन्ही तळव्यांनी फाटक बडवत राहिली. हाका नाहीत, रडणं नाही, नुसतं बडवणं. मी किल्ली शोधून आणेपर्यंत तिचे तळवे टम्म सुजले होते. ज्या हातांनी गप्पा मारता मारता, न बघता सुईत दोरा ओवला, ते हात. मी त्यांना बर्फ लावत बसलो आणि ती उलट माझीच समजूत घालत होती, की घाबरू नका, उघडेल कोणीतरी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, चालणं हेच त्यांचं औषध आहे, त्यांना अडवू नका, फक्त कुठे चालतात तेवढं बघा. सांगायला काय जातं! तिच्या मागे धावायला मी गुडघे कुठून आणू?

शेवटी वाट तिनेच दाखवली. एकदा अशीच निघाली ती फाटकाकडे न वळता घराच्या कडेकडेने मागे गेली. चिखल, दगड, न्हाणीच्या पाण्याचा ओघळ, सगळं तुडवत घराला वळसा घालून पुढच्या दाराशी आली. दार बघितलं आणि चेहरा असा खुलला म्हणून सांगू! ‘पोचले बाई एकदाची,’ म्हणाली, चपला काढल्या, आत येऊन शिलाईमशीनपाशी बसली. बराच वेळ तिथून उठली नाही. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला की तिला घरी पोचायचं असतं, एवढंच. आणि पोचायचं तर आधी निघायला लागतं. मग मी ठरवलं, की दारापासून निघून घराला वळसा घालून दारापाशीच परत येणारी काँक्रीटची वाट करायची. चिखल नको, पाय घसरायला नको. दारासमोर पत्र्याची ओसरी घालायची, खाली एक बाक ठेवायचा, म्हणजे फेरी मारून आली की सावलीला टेकेल आणि मग आत जाईल. फाटक मी कुंपणाच्या भिंतीच्याच रंगाने रंगवून टाकलं, म्हणजे तिच्या नजरेत भरू नये. म्हटलं, जा, हवं तेव्हा घरी जा. कुठूनही गेलीस तरी घरच येईल.

ठिणगी तुला आठवत असेलच, कारखान्यातला माझा वेल्डर दोस्त. ज्याच्या तोंडात शिवी आली नाही तर आम्ही त्याच्या कपाळाला हात लावून बघायचो. त्याने बेत ऐकला आणि म्हणाला, गुपचूप गवंडी बोलाव, या वयात घमेली उचलून तुला काय बक्षीस मिळणार आहे? पण परके लोक घरात वावरले की तुझी आई बिथरते, कपडे, भांडी लपवायला लागते. म्हणून म्हटलं, आपणच करू, जमेल तसं करू. लोखंड सख्खं, सिमेंट सावत्र, फरक तो काय. दोऱ्या ताणल्या, खुंट्या मारल्या आणि खणायला लागलो. नळीत पाणी भरून पातळी काढली. घराच्या पायापासून बाहेरच्या अंगाला उतार धरला, म्हणजे पाणी भिंतीत मुरायला नको. मुरूम टाकून धुमसाने ठोकला, तेव्हा माझं कंबरडं असं काही मोडलं की कुशीवर वळायचं तरी आधी दहादा विचार करावा लागायचा. ठिणगी बाजूला बसून विडी ओढत मला सूचना द्यायचा, आणि मी फार धापा टाकायला लागलो की चार शिव्या घालून हातातला धुमस काढून घ्यायचा.

तुझी आई सगळा वेळ टेप घेऊन माझ्या मागे. माल अडवायला कडेच्या फळ्या ठोकल्या की वाकून माप घ्यायची आणि मान हलवायची. शिवणीसाठी जादा कापड सोडतात ना, त्याला ती माया म्हणते. मला म्हणाली, माया ठेवलीच नाही तुम्ही, दोन बोटं जास्त धरा, पुढेमागे सैल करता येतं. मी आधी हसलो आणि मग खरंच सगळ्या फळ्या दोन दोन बोटं बाहेर सरकवल्या. तिच्या हातचा कपडा कधी अंगाला चुकला नाही, मग तिची वाट तरी का चुकावी.

पहिला तुकडा पार फसला. सिमेंट-खडीचा माल पातळ झाला, फळी काढल्याबरोबर कड गळून पडली. ठिणगीने वाकून बघितलं आणि म्हणाला, हे काँक्रीट आहे का चहात राहिलेलं बिस्किट? फोडून टाकला तो. पुढच्या खेपेला पाणी हात राखून घातलं, थोडा थोडा माल टाकला, फळी ओढून सपाट केला, मध्ये मध्ये सांधे सोडले, म्हणजे उन्हाने तडा जायचा तो सांध्यातच जावा. वरून फार गुळगुळीतही चालत नाही, ओलं झालं की पाय सटकतो. म्हणून माल ओला आहे तोवर खराट्याने आडव्या रेघा ओढायच्या. माझ्या रेघा कोंबडीने उकरल्यासारख्या आल्या. तुझ्या आईला ते बघवेना. तिने माझ्या हातातून खराटा हिसकून घेतला आणि अशा रेघा ओढल्या, मशीनवर टीप मारावी तशा, सरळ, एकसारख्या, एक म्हणून इकडची तिकडे नाही. ठिणगी आ वासून बघत राहिला. पुढचे सगळे तुकडे तिनेच रेघले. मी माल टाकायचा, तिने रेघा ओढायच्या, मग वर गोणपाट अंथरून त्यावर पाणी मारत राहायचं, तेही तिच्याकडेच. दोघांचे पाय सिमेंटने पांढरेफटक. काम चालू असलं की ती गुणगुणायची, आणि घरी जायचं नावसुद्धा काढायची नाही. बटण, फार सुखाचे दिवस होते गं ते.

त्याच दिवसांत ती मला मिस्त्री म्हणायला लागली. मिस्त्री, चहा घेणार? मिस्त्री, तो कोपरा राहिला बघा. तिचा स्वभाव तुला माहीत आहे, चेष्टा केल्याशिवाय तिला अन्न पचायचं नाही. लग्न झाल्यावर कितीतरी दिवस ती चारचौघांत मला ‘आमचे इंजिनियर’ म्हणायची आणि मी आपला नटबोल्ट पिळणारा माणूस. मला वाटलं, तीच जुनी खोडी परत आली. मग मीही रंगात आलो. डोक्याला फडकं बांधायचो, तिला सलाम ठोकायचो, म्हणायचो, बाईसाहेब, साखर जरा सढळ हाताने टाका. ती तोंडावर हात धरून हसायची. मी ठिणगीला म्हणालो, बघ, फरक पडतोय. तुलाही फोनवर तेच सांगितलं आणि तू केवढी खूश झालीस.

वाट पुरी झाली. ओसरी अजून व्हायची होती, ते मधले आठवडे तर विचारूच नकोस. ती निघायची, फेरी मारायची, कोपऱ्यावरून वळली की समोर उन्हात दार, आणि मग पोचले बाई एकदाची. दिवसातून किती वेळा पोचायची याचा हिशोब नाही. मी निर्धास्त झालो. मग ओसरीचं काम घेतलं. ठिणगीने खांबांना बूड वेल्ड करून दिलं, मी ते बोल्टांनी काँक्रीटमध्ये जखडले. वर पाइपांची चौकट, तिच्यावर पत्रे, प्रत्येक हुकाखाली रबराचा वॉशर, थेंबभर गळायला नको म्हणून. बाक जुन्या पलंगाच्या फळ्यांचा. खोटं कशाला बोलू, देखणी झाली होती ओसरी. ठोकाठोकीच्या आवाजाने बिथरेल म्हणून तुझ्या आईला शेजारच्या ताईंकडे ठेवलं होतं. काम संपलं, ठिणगीने तुला फोटो पाठवला, आणि ताईंनी तिला मागच्या दाराने आणून घरात सोडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने नेहमीसारखी पर्स घेतली, मागच्या दाराने वाटेवर उतरली आणि वळसा घालून पुढे आली. मी नव्या बाकावर पाय पसरून ऐटीत बसलो होतो. म्हटलं, आता येईल, शेजारी टेकेल. ती कोपऱ्यावरच थांबली. पत्र्यांकडे बघितलं, खांबांकडे बघितलं, मागे सावलीत गेलेल्या दाराकडे बघितलं. मग मला म्हणाली, ‘चुकले वाटतं मी. आमच्या दारावर सरळ ऊन येतं. आमच्या घराला असलं काही नाही.’ आणि पुढे चालायला लागली.

माझी अक्कल बघ, बटण. लग्न होऊन आल्यापासून ती ज्या घराकडे परत येत होती, त्या घराचं तोंडच मी झाकून टाकलं होतं. आणि वाट अशी केलेली की तिला दुसरीकडे कुठे जाताच येऊ नये. ती फिरत राहिली. दर वेळी आशेने कोपऱ्यावर यायची, ओसरी दिसली की चेहरा उतरायचा, माफ करा म्हणायची आणि पुढे निघायची, की पुढच्या वळणावर तरी असेल. मी मागून विनवण्या करतोय, अगं थांब, अगं हेच आहे. ऐकेल तर ना. पाय सुजले, ओठ सुकले, तरी थांबेना. शेवटी ताईंनी गोड बोलून तिला मागच्या दाराने आत घेतलं. तर स्वयंपाकघरात खुर्चीच्या कडेवर बसली, पर्स मांडीत घट्ट धरून, आणि ताईंना विचारायला लागली, मला घरी सोडायला कोणी आहे का हो? रोज हेच. माझ्या डोळ्यांदेखत ती आपल्याच घराभोवती घर शोधत फिरत होती, आणि तिला फिरवणारा मी.

मग मला तिचं उसवणं आठवलं. कापड कितीही भारी असो, शिवण मनासारखी बसली नाही की ती उसवून काढायची. गिऱ्हाईक म्हणायचं, राहू द्या हो, कोणाला दिसतंय. ही ब्लेड घेऊन बसायची आणि म्हणायची, उसवायला कसली आलीय लाज, अंगाला बसत नाही ते नुसतं ओझं. मी ठिणगीला बोलावलं आणि म्हटलं, ओसरी काढायची. एरवी त्याने माझ्या सात पिढ्यांचे वाभाडे काढले असते. त्या दिवशी त्याने ना शिवी दिली, ना का म्हणून विचारलं. कोपऱ्यावरून तुझी आई माफ करा म्हणत गेली ते त्याने बघितलं होतं. ग्राइंडर लावून बोल्ट कापले, पत्रे उतरवले, खांब आडवे केले. खांबांच्या जागी पडलेले खड्डे मी माल भरून बुजवले, वर खराट्याने रेघा मारल्या, त्या माझ्याच असल्यामुळे वाकड्याच आल्या. बाक मागे नेऊन ठेवला. तेव्हा फोटोतली ओसरी आता इथे नाही, आल्यावर शोधत बसू नकोस.

पत्रे उतरले आणि दारावर ऊन आलं. ती कोपऱ्यावरून वळली तेव्हा मी दाराशेजारी उभा होतो, डोक्यापासून पायापर्यंत धुळीने माखलेला. ती थांबली. मग हळूहळू तिचा चेहरा सैल झाला. आलं बाई घर, असं म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. चपला जागच्या जागी काढल्या, आत गेली, मशीनवरून हात फिरवला. मला काय आनंद झाला होता, कसा सांगू! जिंकलो असंच वाटलं. मी तिच्या मागोमाग आत शिरलो. ती वळली, मला बघून दचकली आणि म्हणाली, ‘मिस्त्री, तुम्ही बाहेर थांबा. हे घरी नाहीत.’

मी नेहमीसारखा सलाम ठोकला आणि म्हटलं, हो बाईसाहेब. ती हसली नाही. ‘हे कामावरून आले की तुमचं काय ते बघतील. ते नसताना मी कोणाला आत घेत नाही.’ तेव्हा कुठे माझ्या डोक्यात शिरलं. अगं, मीच गं, असं म्हणत मी एक पाऊल पुढे टाकलं, तर ती भिंतीला जाऊन टेकली, हातात कात्री घेतली आणि तिचं टोक माझ्याकडे धरलं. तुझी आई मला घाबरली, बटण. जन्मात आमची भांडणं झाली नाहीत असं नाही, पण ती मला कधी घाबरली नव्हती. मी मागच्या मागे पायरी उतरलो आणि वाटेवर जाऊन उभा राहिलो. पहिल्या चहापासूनच ती चेष्टा नव्हती गं. फडकं बांधून आणि सलाम ठोकून तो मिस्त्री मीच तिच्या मनात पक्का करून टाकला होता.

आता असं आहे. घर तिला मिळालं. ती शांत असते, पोटभर जेवते, फेरी मारून येते आणि आलं बाई घर म्हणते. ज्यासाठी एवढा खटाटोप केला ते झालं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. फक्त मला आत शिरायला रोज काहीतरी काम काढावं लागतं. बिजागरी मीच ढिली करतो आणि मग आवळायला जातो. नळ मुद्दाम गळता ठेवतो. बाईसाहेब, नळ बघून घेऊ का? ती म्हणते, बघा, पण चपला बाहेर काढा. तिचं अंघोळपाणी, जेवणखाण ताई बघतात. माझं ताट ती स्वतः पायरीवर आणून देते, वर पाण्याचा तांब्या. मिस्त्रीवर मर्जी आहे तिची. ती झोपली की मी तुझ्या खोलीत येऊन पडतो आणि ती उठायच्या आत थापी घेऊन बाहेर असतो. ठिणगी म्हणतो, तू वेडा होशील. होईनही.

आणि ती माझ्याशी बोलते गं. नवऱ्याबद्दल बोलते. मी काम करत राहतो, मान वर करत नाही. म्हणते, आमचे हे बोलायला कमीच, पण मी आजारी पडले की माझ्या मशीनला तेल घालत बसतात, दुसरं काय करावं ते त्यांना सुचत नाही ना. म्हणते, ह्यांचा शर्ट मी मुद्दाम वेळ लावून शिवते, म्हणजे मापाच्या निमित्ताने दोन-तीनदा जवळ बोलावता येतं, त्यांना वाटतं मी कंटाळा करते. एवढ्या संसारात हे तिने मला कधी सांगितलं नव्हतं. मिस्त्रीला सांगितलं. मी स्क्रू पिळत पिळत म्हणतो, नशीबवान आहेत तुमचे साहेब. ती म्हणते, येतीलच आता, थांबा थोडं, ओळख करून देते. मी थांबतो. खूप वेळ थांबतो.

मागच्या आठवड्यात तुझा फोन आला तेव्हा मी खिडकीच्या गजांना रंग देत होतो, हात बरबटलेले, म्हणून ताईंनी स्पीकर लावला. रजा मिळाली म्हणून तू आनंदाने ‘बाबा!’ म्हणून ओरडलीस. ते ऐकून तुझी आई ताडकन उठली. हे आले, हे आले, म्हणत माझ्या शेजारून बाहेर पळाली आणि वाटेने फेऱ्या घालायला लागली. प्रत्येक कोपऱ्यावर मान उंच करून मला शोधायची, आणि मी तिथेच ब्रश धरून उभा. त्या दिवशी दार दिसूनही ती आत जाईना. हे आल्याशिवाय जेवायची नाही म्हणाली, आणि जेवली नाही. म्हणून हे पत्र, बटण. लहानपणापासून तू फाटकातूनच बाबा म्हणून हाक मारत येतेस. या वेळी मारू नकोस. घरात, अंगणात, तिच्या कानावर जाईल अशा कुठल्याही जागी तो शब्द उच्चारू नकोस. मला मिस्त्री म्हण, अहो म्हण, तिच्यासमोर माझ्या गळ्यात पडू नकोस. तुला ती ओळखेल की नाही, सांगता येत नाही. नाही ओळखलं तर गिऱ्हाईक होऊन माप दे, ती खूश होईल. मी तुला घ्यायला बस थांब्यावर येतो. तिथे आपण जरा वेळ बसू. तिथे मला तुला वाटेल तितक्या वेळा बाबा म्हण, मोठ्याने म्हण, लोक बघतील तर बघू देत. माझं पोट भरलं की बॅग माझ्याकडे दे आणि तू पुढे हो. मी कामावरच्या माणसासारखा चार पावलं मागून येतो.

तुझाच,
बाबा